चळतीवरचा हात

त्या दुपारी मी डबे बंद करायच्या हॉलमध्ये गेले ती फक्त भाचीला जेवायला हाक मारायला. मी लेबलं लावायच्या खात्यात, ती त्या हॉलमध्ये, मधे एक लांब बोळ. रोज तीच पळत यायची. त्या दिवशी आली नाही, म्हणून मी ताटली झाकून उठले.

बाहेर लख्ख ऊन होतं, पण त्या हॉलला खिडक्याच नाहीत. वर पांढरे दिवे, खाली ओली फरशी, आणि उकडलेल्या वाटाण्यांचा दमट, गोडसर वास. सुट्टी झाल्यामुळे सगळी मशीनं गप्प होती. त्या शांततेत मला आवाज आला. झाकणांची चळत टेबलावर आपटून सारखी करतात ना, तसा. ठक... ठक... आणि मग कागद फाटल्याचा.

मला वाटलं, भाचीच. पण भाची तर टेबलापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी होती.

"मामी," ती हळूच म्हणाली, "तुलाही आलं ना ऐकू?"

तो आवाज मी ओळखत होते. तिच्या आईचा होता तो. माझ्या नणंदेचा, वन्संचा.

थोडं मागचं सांगते. पूर्वी त्या मशीनला झाकणं हातानं भरायची. कागदी गुंडाळीतून चळत काढायची, ठोकून सारखी करायची आणि मशीनच्या नळ्यात वरून सोडायची. खाली एकेक झाकण डब्यावर बसायचं नि त्याची कडा आवळली जायची. झाकण तिरकं झालं तर मशीन थांबवूनच सरळ करा, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पण मशीन थांबवलं की साहेब ओरडणार, आणि चालू मशीनमध्ये बोट घालून झाकण सरळ केलं की म्हणणार, "वा! याला म्हणतात हात!" वन्संचा हात तर त्यांना इतका आवडायचा, की नव्या बायकांना तो बघायला शेजारी उभं करायचे.

तोच हात एक दिवस बाहीसकट आत गेला. वन्सं दवाखान्यातून घरी आल्याच नाहीत.

मशीनच्या दाराला एक खटका असतो. दार उघडलं की मशीन आपोआप थांबतं. त्या दिवशी खटक्यावर चिकटपट्टी लावलेली होती, मशीन थांबू नये म्हणून. आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. चौकशीत मात्र ती कुणालाच दिसली नव्हती. मी सांगितलं, तर म्हणाले, "तुम्ही लेबलवाल्या, तुम्हाला यातलं काय कळतं?" आणि निकाल लागला, की बाईंनी आपणहून हात घातला.

मग त्याच मशीनला जोडायला आलं झाकणं आपोआप भरणारं यंत्र. ताटात चळती रचून ठेवायच्या, एक लोखंडी हात त्या उचलून नळ्यात सोडतो. फीत कापली, भाषण झालं. "आता इथं माणसाची चूक होणारच नाही!" टाळ्यांचा कडकडाट. माझे हात मांडीवरच राहिले. माणसाची चूक म्हणे! मेलेल्या बाईच्या माथी पुन्हा एकदा चूक मारून वर टाळ्या वाजवत होते. आणि ताटं भरायला, सहानुभूती म्हणून, तिच्याच लेकीला उभं केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पोर म्हणाली, "आईची जागा आहे, मामी. मी जाते."

तर, आम्ही दोघी तशाच उभ्या असताना घाईसाहेब आले. आमच्या सुपरवायझरला सगळे घाईसाहेबच म्हणत. मागून फिटर.

"काय मावशी, इकडे कुठे? लेबलं स्वतःच चिकटायला लागली की काय?"

"साहेब, हे आज पुन्हा थांबलं," फिटर कुरकुरला. त्यानं दाराच्या खटक्यावरचा लोहचुंबक दाखवला. चिकटपट्टीच्या जागी आता चुंबक आला होता, एवढीच काय ती प्रगती. "हा लावला की दार उघडं असलं तरी मशीन चालायला हवं. पण हा लावला की थांबतं, काढला की छान चालतं. सगळं उलटंच."

"यंत्राला अक्कल आली म्हणायची," साहेब हसले.

"कुणाला तरी यायलाच हवी होती," मी म्हणाले.

त्यांचं हसू गेलं. "पाहुणे येतायत. दार उघडं ठेवून दाखवायचंय कसं पळतं ते. कर चालू."

या खेपेला मशीन चाललं. खडखड, खडखड. लोखंडी हातानं चळत उचलली, सोडली, दुसरी उचलली... आणि नळ्याच्या तोंडाशी एक झाकण तिरकं झालं.

"अगं, बघतेस काय? बोट लाव जरा!" साहेब ओरडले.

आणि पोरीचा हात गेला. विचार न करता, तिच्या आईचा जायचा तसाच.

"हात काढ!" मी किंचाळले. पोचणार कशी? मधे अख्खं टेबल.

मशीन थांबलं.

हिरवा दिवा तसाच जळत होता. आत मोटार घुमत होती. पण झाकणं जागच्या जागी लटकली होती, आणि भाचीचा हात त्यांच्यात.

"काढ ना गं..."

"मामी... धरलंय..."

"कुणी?"

"मागे ओढतायत..."

तिची बाही चुरगळत गेली, कुणीतरी मुठीत धरावी तशी. हात हळूहळू बाहेर आला. अख्खा. मी तिला पोटाशी धरलं. नळ्यातली चळत मात्र वरून कुणी दाबावी तशी खाली गेली. ठक.

भीती वाटायला हवी होती. मला संताप आला.

"साहेब, त्या दिवशी खटक्यावर चिकटपट्टी होती की नव्हती?"

"आता त्याचं काय..."

"होती की नव्हती?"

"नव्हती."

लोखंडी हात वळला. ताटाकडे नाही, साहेबांकडे. फिटरनं धावत जाऊन मेन स्विच ओढला. हॉलमधले सगळे दिवे गेले. भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख झाला. तरी मशीन चालूच होतं. झाकणं सळसळत होती...

"ए... बाही सोडा... कोण आहे?" साहेबांचा आवाज चिरकला. "होती! पट्टी होती! मीच लावली होती!"

सळसळ थांबली.

दिवे आले तेव्हा साहेबांचा हात धड होता. बाही तेवढी नळ्यात अडकली होती, खांद्यापासून उसवून.

दुसऱ्या दिवशी म्हणतात कसे, "अंधारात माणूस काहीही बरळतो." निर्लज्ज! पण फिटर सगळ्यांसमोर म्हणाला, "मी ऐकलंय, साहेब. विचारतील तिथं सांगेन." आता चौकशी पुन्हा उघडतेय. भाचीला मी त्या हॉलमध्ये पाऊल ठेवू दिलेलं नाही.

एकच गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी मी तिच्या हाताला तेल लावायला बसले. मनगटावर बोटांचे निळे ठसे उमटले होते. वन्संची लांब बोटं मी लगेच ओळखली, आणि मला रडू फुटलं. मग मी बाही आणखी वर सरकवली.

ठसे कोपरापर्यंत होते. वेगवेगळ्या हातांचे. एक रुंद, पुरुषाचा. एकाला दोनच बोटं. आणि एक इतका लहान, की शाळेत जाणाऱ्या पोरीचा असावा.

कंपनी म्हणते, वन्संच्या आधी त्या मशीनवर कधी कुणाला काही झालेलं नाही.