आम्ही की आपण

गारा सुरू झाल्या तेव्हा माझ्या डोक्यावर हॅट होती आणि नोंदवही उघडी होती. वही भिजली असती तर ताताने, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बटाट्यासारखं थंडीत वाळवून ठेवलं असतं. मी हॅट काढून वहीवर धरली. टपोऱ्या गारा थेट माझ्या भांगात पडायला लागल्या.

तेवढ्यात डोक्यावर निळी ताडपत्री आली. तिला संत्र्यांचा वास येत होता.

"डोकं महत्त्वाचं की वही?" शेजारून कुणीतरी विचारलं.

"वही. डोकं माझं एकटीचं आहे, वही साठ मंडळ्यांची आहे."

"मग ताडपत्री वहीसाठी. तुला यायचं तर ये... जागा आहे."

मी मान वळवून पाहिलं. उन्हात रापलेला चेहरा, हसरे डोळे, आणि श्वास मात्र फुललेला.

"धाप का लागलीय? पळत आलास?"

"नाही. तुमच्याकडे वर हवाच कमी." तो थांबला. "म्हणजे आत्तापर्यंत तरी मी तेच कारण धरून चाललो होतो."

फाजील मेला, मी मनात म्हटलं. आणि ताडपत्रीखाली अर्धा हात आणखी आत सरकले.

तो ओबेद पोमा. डोंगराच्या पलीकडे, खाली युंगासच्या गरम दरीत त्यांची छोटीशी मंडळी आहे, अकरा घरांची. आम्ही सगळे क्वेकर पंथाचे ख्रिस्ती, एकमेकांना 'मित्र' म्हणणारे. दर ईस्टरच्या आठवड्यात तीन दिवस आमची वार्षिक सभा भरते, तळ्याकाठी, आमच्या किस्पाया गावात. दर वर्षी खालचे लोक लॉरीत बसून संत्री घेऊन वर येतात आणि चुनो, म्हणजे आमचे थंडीत वाळवलेले बटाटे, घेऊन परत जातात. आजवर वरचा कुणी खाली सभेला गेलेला नाही.

आमच्याकडे हात वर करून मतं मोजत नाहीत. अध्यक्ष सभेचा सूर ऐकतात, मी नोंद लिहिते, उभी राहून वाचते. सगळे 'बरोबर आहे' म्हणाले की झालं. एकानेही 'माझं मन तयार नाही' म्हटलं की काम अडलं. तीन वर्षं मी नोंदी लिहीत होते. एका शब्दाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता.

त्या दुपारी मी वाचलं, "खालच्या मित्रांनी पुढची सभा त्यांच्या गावी घ्यावी अशी विनंती केली. आम्ही ती ऐकली."

मागून आवाज आला. "एक शब्द बरोबर नाही."

ओबेद उभा होता. चारशे माना वळल्या.

"कोणता?" मी विचारलं. कान तापले होते माझे.

"आम्ही. ताई, त्यात आम्ही नाही."

मी नोंद स्पॅनिशमध्ये लिहिते आणि म्हाताऱ्यांसाठी आयमारा बोलीत वाचते. स्पॅनिशला बिचारीला एकच शब्द. आमच्या आयमारात मात्र दोन आहेत... सगळे धरून 'आपण', आणि समोरच्याला वगळून 'आम्ही'. घाईत माझ्या तोंडून 'आम्ही' गेलं होतं, आणि ती अकरा घरं एका शब्दात दाराबाहेर गेली होती. अध्यक्ष आबिसाय काकांनी चष्मा वर केला. "दुरुस्त कर, पोरी." मी स्पॅनिश शब्दापुढे 'सगळे मिळून' असं जोडलं. पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं.

संध्याकाळच्या जेवणाला मैदानात चादरी अंथरल्या होत्या. चुनो, उकडलेला मका, तळ्यातले मासे, ज्याने जे आणलं ते सगळ्यांचं. ओबेद नेमका माझ्यासमोर येऊन बसला.

"एका शब्दापायी चारशे लोकांत खाली बघायला लावलंस मला," मी म्हटलं.

"खाली कुठे? सरळ माझ्याकडे बघत होतीस. डोळ्यांनी चटके देत होतीस."

"आणि मला ताई म्हणू नकोस."

"सभेत सगळ्यांना भाऊ, ताईच म्हणतात."

"आता सभा नाही."

तो संत्रं सोलत होता, त्याची बोटं थांबली. मग अर्धं संत्रं माझ्या पुढ्यात ठेवून तो हळूच म्हणाला, "बरं... दामारिस."

माझं नाव मी चोवीस वर्षं ऐकतेय. इतकं छान ते कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विनंतीवर चर्चा झाली. खालचे म्हणाले, पाच वर्षं मागतोय, आमची म्हातारी माणसं आता वर येऊ शकत नाहीत. यंदाही नाही म्हणालात तर आम्ही आमची सभा वेगळी भरवू. वेगळी म्हणजे लॉरी येणार नाही, संत्री येणार नाहीत... आणि तो येणार नाही. मी लिहीत होते, आणि अक्षर वाकडं येत होतं.

सूर हळूहळू जुळत आला होता. तेवढ्यात माझा ताता उठला.

"माझं मन तयार नाही," एवढंच म्हणाला आणि बसला.

विषय उद्यावर गेला. मी बाहेर ओबेदला गाठलं.

"त्याच्यावर चिडू नकोस. त्याचा धाकटा भाऊ तुमच्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गेला. गाणी शिकवायला नेहमीसारखा खाली निघाला होता. धबधब्याच्या वळणावर गाडी दरीत पडली. तेव्हापासून ताता त्या डोंगराकडे बघतसुद्धा नाही."

ओबेदचा चेहरा पडला. "धबधब्याचं वळण... नाव काय होतं काकाचं?"

"सिमोन."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. "तिथे आम्ही दर वर्षी लॉरी थांबवतो. सगळे उतरतो, टोप्या काढतो, गप्प उभे राहतो. आजी म्हणते, आपला सिमोन इथे आहे. तो तुझा काका हे मला माहीत नव्हतं, दामारिस."

"मग उद्या सांग हे. सभेत."

"नाही. त्याच्या दुःखाला हात घालून होकार काढायचा? ते मला जमणार नाही."

त्या क्षणी मी प्रेमात पडले. आदल्या दिवशीच पडले होते बहुतेक, पण कबूल आत्ता केलं.

तिसऱ्या दिवशी आबिसाय काका थकल्या आवाजात म्हणाले, "एकमत नाही. विषय सोडून देतोय. लिही, पोरी."

मी पेन खाली ठेवलं.

नोंद लिहिणारीने सभेत बोलायचं नसतं. बोलायचं तर पेन खाली ठेवायचं. तीन वर्षांत मी ते कधी केलं नव्हतं.

"ताता," मी म्हटलं. "घरी आपण सिमोनकाकाला आमचा म्हणतो. खालची माणसं दर वर्षी त्या वळणावर लॉरी थांबवून उतरतात, टोप्या काढतात. ती त्याला आपला म्हणतात. एवढंच सांगायचं होतं."

ताता हॅट हातात घेऊन बसून राहिला. मग तो उठला आणि मागच्या बाकांकडे वळला.

"कोण थांबवतं लॉरी?"

"आम्ही सगळे," ओबेद म्हणाला. "त्याची गाणी आमची आजी अजून गाते."

ताताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही.

"लिही," तो मला म्हणाला. "आपण जाऊ. पण मी पुढे बसणार, ड्रायव्हरशेजारी. आणि त्या वळणावर आधी मी उतरणार."

सगळं सभागृह एका श्वासात मोकळं झालं. खालच्या बायका रडत हसत होत्या, कुणीतरी ढोलावर थाप मारली, आबिसाय काकांनी हात वर करून शांत केलं. मी लिहायला बसले. आज अक्षर कसं सरळ आलं. एक वाक्य मी माझ्या मनाचं घातलं. मग उभी राहिले.

"पुढच्या वर्षी आपण युंगासमध्ये, खालच्या मित्रांच्या गावी जमू. त्याची तयारी आम्ही करू."

आबिसाय काकांनी चष्मा वर केला. "पुन्हा 'आम्ही'? पोरी, ह्या आम्हीत कोण कोण आहे?"

"दोघं," मी म्हटलं. "ओबेद पोमा आणि मी."

"आणि आम्ही सगळे?"

"ह्यात नाही, काका."

पुढच्या बाकावरून हशा उठला आणि मागपर्यंत गेला. माझी नजर मात्र एकाच बाकावर होती. काल मी त्याला काही विचारलं नव्हतं, त्याने मला काही विचारलं नव्हतं... आणि आता मी चारशे लोकांत उभी राहून सगळं सांगून बसले होते. तो नाही म्हणाला तर तेही मलाच लिहावं लागलं असतं.

"ओबेद," आबिसाय काका म्हणाले, "शब्दांची चूक काढण्यात तू हुशार. काय दुरुस्त करायचं?"

तो उठला. पुन्हा धाप लागली होती त्याला.

"काही नाही," तो म्हणाला, माझ्यावरची नजर न हलवता. "ह्या वेळी शब्द बरोबर आहे."

काकांनी ताताकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ताताने हॅट डोक्यावर घातली, काढली, परत घातली.

"म्हणजे बापालाही वगळलंस?"

"हो, ताता."

"बरं झालं. तयारीत मला काही कळत नाही." आणि मग मोठ्याने म्हणाला, "बरोबर आहे."

"बरोबर आहे," चारशे लोक म्हणाले.

मी खाली बसले आणि नोंदीपुढे लिहिलं, मंजूर. एकही खाडाखोड नाही.