तीनशे नव्याण्णवावे वाक्य

दुपारी अडीचच्या सुमारास तो वहिनींच्या घरी पोहोचला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक नवी हार्ड डिस्क, दोन केबली आणि एक स्क्रूड्रायव्हर एवढाच ऐवज होता. काम साधे होते. घरातला संगणक गेले तीन महिने रखडत चालला होता, आणि महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत बारा वर्षे काढलेल्या माणसाला असली दुखणी तोंडपाठ असतात. वय चौतीस, उंची दारातून वाकून यावे लागेल इतकी; तरी या घरात त्याला 'छोट्या' म्हणत. म्हणजे दादा म्हणत असे. दादाला जाऊन सात महिने झाले होते.

"या भावोजी," वहिनी म्हणाल्या. "तुमचा पेशंट आत आहे. बटण दाबून मी कपडे वाळत घालून येते, तरी हा आपला गोल गोल फिरवत बसलेला."

"माझ्यावर गेलाय मग. सकाळी मीही असाच उठतो."

"तुम्हाला उठवताना सासूबाईंनी हात टेकले, तिथे मी काय सांगणार!" त्या हसल्या. मग हसू आवरून हळू आवाजात म्हणाल्या, "एक करा भावोजी. एकशे अठरा नंबर जाऊ देऊ नका. बाकी सगळं गेलं तरी चालेल."

त्याने मान हलवली. एकशे अठरा म्हणजे काय, हे त्याला विचारावे लागले नाही.

दादाच्या घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावे लागणार होते. रुग्णालयातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी त्याला चारशे वाक्यांची छापील यादी दिली होती. शस्त्रक्रियेआधी ती स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवायची, म्हणजे पुढे बटण दाबले की यंत्र तीच वाक्ये त्याच्याच आवाजात बोलेल. शेवटच्या दहा ओळी रिकाम्या होत्या. तिथे घरच्यांशी बोलायची वाक्ये ज्याची त्याने लिहायची होती. बाईंचा एक नियम होता: प्रत्येक वाक्याआधी दोन सेकंद पूर्ण शांतता ठेवायची. दादा रोज तीन ते चार दार लावून बसे, घशासाठी लवंग चघळे, आणि एकेक वाक्य वाचे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तीनशे बारा वाक्ये झाली होती. "अठ्ठ्याऐंशीच राहिलीत रे," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला होता. "पुरे आता, विश्रांती घे," असे म्हणून छोट्यानेच संगणक बंद केला. पुढे त्या यंत्राची गरजच पडली नाही. दादा टेबलावरून परतला नाही.

एकशे अठरावे वाक्य होते: "तू जेवलीस का?" वहिनी ते रोज दुपारी ऐकत, ते ऐकल्याखेरीज त्यांना घास जात नसे. आता ती एक फाइल उघडायला वीस मिनिटे लागत होती.

त्याच्या मनाला आणखी एक टोचणी होती. संगणकातली ही जुनी डिस्क प्रयोगशाळेच्या अडगळीतून त्यानेच आणून बसवली होती. "हिला दहा वर्षं मरण नाही, दादा," असे तेव्हा तो छातीठोकपणे म्हणाला होता.

खोली तशीच होती. खुर्ची, टेबल, भिंतीकडे सरकवलेला संगणकाचा डबा. तो सुरू होईपर्यंत चौदा मिनिटे गेली. आतून घरघर येत होती, आणि मध्येच एक कोरडा ठोका... खट. डिस्कचे आरोग्य तपासले, तेव्हा शेकडो सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे कप्पे, निकामी झालेले दिसले. ते अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते दुसरेच. कोणीही काही उघडले नसताना डिस्क शंभर टक्के कामात होती.

त्याने शिस्तीने एकेक शक्यता निकालात काढली. विषाणू तपासणी थांबवली. आपोआप होणारी अद्ययावतीकरणे थांबवली. इंटरनेटची केबल उपसली. आकडा शंभरावरून हलला नाही.

"भावोजी, चहात साखर किती?" स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारले.

"दोन चमचे. दादापेक्षा एक कमी."

"त्यांना कोण देत होतं तीन? चोरून घ्यायचे!"

तो स्वतःशीच हसला, आणि डिस्कवर नेमके काय चालले आहे ते दाखवणारी यादी त्याने उघडली. वाचन काहीच नव्हते. सगळे लेखन होते. लिहिणाऱ्या प्रोग्रामचे नाव जिथे यायला हवे, तो रकाना कोरा होता. कुठे लिहिले जात होते, ते मात्र स्पष्ट दिसत होते: दादाच्या आवाजाचा फोल्डर.

त्याने फोल्डर उघडला. फायली भरायला वेळ लागला. तीनशे दहा... तीनशे अकरा... तीनशे बारा.

तीनशे तेरा.

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. फायली वाढतच गेल्या. तीनशे तेरापासून पुढे रोजची एक, गेल्या तीन महिन्यांतली. प्रत्येकीची वेळ तीन ते चारच्या मधली. कालची तीनशे सत्त्याण्णवावी होती. तीनशे अठ्ठ्याण्णवावी आजची, तीन मिनिटांपूर्वी पूर्ण झालेली. आणि आज, पहिल्यांदाच, एका दिवसात दुसरी सुरू झाली होती.

माइक चुकून चालू राहिला असणार, असे त्याने मनाला समजावले. त्याने डब्याच्या मागे हात घालून पाहिले. माइकची खाच रिकामी होती. माइक कपाटात होता, त्याच्या खोक्यात. वायर नीट गुंडाळून तिला रबर लावलेले.

खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. त्यात आता आणखी एक वास मिसळला होता, जवळून येणारा. लवंगेचा.

त्याने हेडफोन लावले आणि तीनशे अठ्ठ्याण्णवावी फाइल उघडली. ती लगेच उघडली. एवढी रखडणारी डिस्क या वेळी क्षणभरही अडखळली नाही.

आधी पंख्याची घरघर. मग लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा वहिनींचा आवाज: "भावोजी, चहात साखर किती?" मग त्याचा स्वतःचा: "दोन चमचे. दादापेक्षा एक कमी." मग वहिनी पुन्हा. आणि मग, अगदी माइकशी तोंड नेऊन, कोणीतरी घसा साफ केला. त्यानंतर दोन सेकंद पूर्ण शांतता. आणि ओळखीचा, घोगरा, सावकाश आवाज...

"छोट्या... आलाय."

त्याने हेडफोन ओरबाडून टेबलावर टाकले. पडद्यावर तीनशे नव्याण्णवाव्या फायलीचा आकार वाढत होता. खट... खट... ठोके आता जवळजवळ येऊ लागले होते. भीती वाटत असतानाही डोक्याचा एक कोपरा सवयीने काम करत होता: मरू घातलेल्या डिस्कवर काहीही लिहू द्यायचे नाही. हा पहिला नियम. आणखी एक ठोका चुकीच्या जागी पडला, तर एकशे अठरा कायमचे जाईल. ते वाक्य वाचवायचे, तर हे लिहिणे थांबवावेच लागणार होते.

"दादा..." तो पुटपुटला. "माफ कर रे."

त्याने भिंतीतली पिन उपसली.

वहिनी कप घेऊन दारात उभ्या होत्या. "बंद केलात?"

"हो."

"मध्येच?"

त्याने त्यांच्याकडे पाहिले. "मध्येच म्हणजे?"

"नाही... तीन ते चार तो घरघरत असतो ना रोज. मला आपली सोबत वाटते." त्यांनी कप टेबलावर ठेवला. कप दादाचा होता. त्याने तो चहा न ढवळता प्यायला. चहात साखर तीन चमचे होती.

पुढचे तीन तास त्याने खाली मान घालून काम केले. डबा उघडून जुनी डिस्क बाहेर काढली, तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाणार नाही अशा बेताने आपल्या लॅपटॉपला जोडली, आणि तिची नक्कल नव्या डिस्कवर उतरवली. ती आता मुकाट्याने, गुणी रोग्यासारखी वाचू देत होती. अखेरचा थोडा भाग वाचता आला नाही. नव्या डिस्कवर दादाच्या तीनशे बारा फायली आल्या. त्यापुढे एकही नाही.

संगणक अर्ध्या मिनिटात सुरू झाला. वहिनींनी स्वतः बटण दाबले.

"तू जेवलीस का?" दादाने विचारले.

"जेवले हो," वहिनी म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपत त्याच्याकडे वळल्या. "भावोजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"जुनी डिस्क मी नेतो," तो म्हणाला. "घरात नको."

थांब्यावर दुसरे कोणी नव्हते. दिवस नुकताच मावळला होता. बसची वाट पाहत असताना फोन वाजला.

"भावोजी, आज नीट ऐकायला मिळालं ना, म्हणून मी त्यांची यादी काढून बसलेय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होतात, तीनशे बाराच झाली. अहो, पुढेही खुणा आहेत! पेन्सिलीनं बरोबर, बरोबर, बरोबर... शेवटच्या पानापर्यंत."

"वहिनी, यादी कुठे होती?"

"माझ्या कपाटात, कुलपात. शेवटची दहा त्यांनी स्वतः लिहिलेली. ऐका गंमत. तीनशे अठ्ठ्याण्णव, 'छोट्या आलाय.' खूण आहे. तीनशे नव्याण्णव, 'त्याला माझ्या कपात चहा दे.' इथे खूण अर्धीच आहे... पेन्सिल मोडली असेल."

त्याने पिशवी बाकावर ठेवली आणि दोन पावले मागे सरकला.

"आणि चारशे. त्याच्यापुढे खूण नाही. 'छोट्या, एवढ्यात बंद करू नकोस.'" वहिनी हसत होत्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला होता. "आपला संघ सामना हरायला लागला की तुम्ही टीव्ही बंद करायचात, त्यावरून लिहिलं असणार. हो ना? ...भावोजी?"

पिशवीतून घरघर ऐकू येत होती. डिस्क कशालाच जोडलेली नव्हती. तिच्या दोन्ही केबली त्याच्या खिशात होत्या.

"भावोजी, ऐकताय ना?"

त्याने उत्तर देण्यासाठी उघडलेले तोंड तसेच मिटले. आता आपण जे बोलू ते कुठे उमटेल, हे त्याला ठाऊक होते.

कोणीतरी घसा साफ केला. मग पिशवीतली घरघर एकाएकी थांबली, आणि सगळीकडे पूर्ण शांतता पसरली.

तो मनात मोजू लागला. एक...