नव्या कॉम्प्युटरमधल्या गोष्टी

टक्. माऊस दाबल्याचा तेवढाच आवाज खोलीत झाला. पांघरूण ओढून बसलेली छोटी बाबांच्या आवाजाची वाट बघत होती. आला तो आजोबांचा.

आईने पुन्हा बघितलं. ‘गोष्टी’ नावाच्या फोल्डरमध्ये फक्त आजोबांनी भरलेल्या गोष्टी होत्या. गेलेल्या नवऱ्याने लेकीसाठी आपल्या आवाजात भरून ठेवलेल्या सगळ्या गोष्टी नाहीशा झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती खासगी तपास करणाऱ्या मावशींकडे गेली. अशिलांपासून पोलिसांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत.

“संशय दिरावर आहे,” ती म्हणाली. “त्यानेच केलं असेल, तर छोटीला घेऊन मी त्या घरातून निघणार.”

मावशी आल्या. सोबत त्यांचे मदतनीस मास्तर होतेच, कॉम्प्युटरला अजून लांबूनच नमस्कार करणारे.

दिराने काही लपवलं नाही. जुना कॉम्प्युटर सारखा अडकायचा, म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचा आणला. त्याची सगळी सिस्टिमच वेगळी. गोष्टी त्यावर आणल्या, वाजवून बघितल्या, मग जुना पुसून देऊन टाकला. चार दिवस सगळं नीट चाललं होतं. ‘जुनं किती कवटाळून बसायचं, वहिनी’ असं आपण म्हणालो, हेही त्याने मान्य केलं. तो मशीनबद्दल बोलत होता.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एका कानात फोनची वायर. “रोज रोज तो आवाज कशाला पोरीला? गोष्टी लागल्या की मी बाल्कनीत जाऊन दार लावून घेते. शेपटीने कुलूप उघडणारं माकड म्हणे!”

सासऱ्यांना उलट गोष्टींत भर घालायची हौस. दर रविवारी ते आपल्या जुन्या लॅपटॉपवर एक गोष्ट भरत, ‘गोष्टी’ याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत आणि ते फोल्डर पेनड्राइव्हवरून घरच्या कॉम्प्युटरवर टाकत. परवाही टाकलं. नव्या कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. त्यांनी नेहमीसारखं हो म्हटलं.

मावशींनी कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. छोटीची फसलेली चित्रं होती. गोष्ट एकही नव्हती.

“दीरच,” मास्तर कुजबुजले.

“कुणी पुसल्या असत्या, तर इथे सापडल्या असत्या. पेटी रिकामी केली म्हणावं, तर चित्रं कशी राहिली? गोष्टी कुणी पुसल्याच नाहीत, मास्तर.”

सगळ्यांना बसवून मावशींनी सांगितलं. एकाच नावाची दोन फोल्डर आली, की जुनी सिस्टिम दोन्हींतलं एकत्र करायची. नवी मात्र आधीचं काढून त्या जागी नवं ठेवते, कचरापेटीतही पाठवत नाही. प्रश्न ओळखीचा वाटला, अर्थ बदलला होता.

सासरे आपल्या बोटांकडे बघत राहिले. “माझ्या हाताने?”

“सवयीने,” मावशी म्हणाल्या आणि सासूबाईंकडे वळल्या. “दार लावून बसता, मग माकडाने कुलूप शेपटीने उघडलं हे कसं कळलं?”

सासूबाईंनी कानातली वायर काढली. फोन सुनेच्या हातात दिला.

“त्याच्या आजारपणात त्यानेच माझ्या फोनमध्ये भरून दिल्या होत्या. सगळ्या आहेत. पोरीसमोर रडू येतं गं मला.”

सून दिराकडे बघेना. “भावजी, मी...”

“राहू दे, वहिनी. केबल आणतो.”

संध्याकाळी माकडाने पुन्हा कुलूप उघडलं. छोटी खुदखुदली, मग पडद्याकडे बघत राहिली.

“आई, आजोबा नवीन गोष्ट सांगतात ना, तशी या नव्या कॉम्प्युटरमध्ये बाबा नवीन कधी सांगणार?”