बॅटरी नसलेला वायरलेस

आईची शपथ, सांगतोय त्यातलं अक्षरन्‌अक्षर खरं आहे. म्हणजे, एक गोष्ट सोडून. ती शेवटी सांगेन. आत्ताच सांगितली तर उठून जाल.

शांतिसेनेच्या तळावर मी भांडार सांभाळायचो. सगळे मामा म्हणायचे. शांतिसेना म्हणजे निळी टोपी, पांढरी गाडी आणि दुपारची झोप. नदीपलीकडच्या दवाखान्यात चाळीस माणसं जीव मुठीत धरून बसलेली. साहेबांनी तिथल्या नर्सबाईंच्या हाती वायरलेस सेट दिला, देताना फोटो काढून घेतला. "बटण दाबा, दहा मिनिटांत हजर!"

आठवड्याने, भरदुपारी, आमच्याकडे खरखर झाली.

"साहेब... बंदूकवाले फाटकापाशी आलेत..."

साहेबांनी चष्मा पुसला. वरच्या कचेरीला विचारलं, निघू का? कचेरीने उलट विचारलं, धोका संभाव्य की निश्चित? फॉर्म भरा. साहेब बसले भरायला. अक्षर मात्र देखणं हो त्यांचं!

मी ब्लँकेटं काढायला भांडारात गेलो आणि फळीकडे बघतच राहिलो. नर्सबाईंच्या सेटची बॅटरी. सीलबंद. बॅटरीला वेगळा अर्ज लागतो आणि त्यावर साहेबांची सही राहिलेली.

धावत परत आलो. "अहो, तिच्या सेटमध्ये बॅटरीच नाही!"

वायरलेसवाल्याने कानावरचा हेडफोन हळूच उतरवला. "मग मामा... हे बोलतंय कोण?"

हेडफोनला स्पिरिटचा वास येत होता. आतून आवाज आला, अगदी शांत. "मामा... तुम्ही तरी या..."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "बॅटरी नाही म्हणजे निरोप नाही. निरोप नाही म्हणजे धोका नाही. खोडा ती नोंद."

तिसऱ्या दिवशी परवानगी आली, आम्ही गेलो. खाटा ओळीने, चादरी ताठ, माणूस एकही नाही. खिडकीत सेट. मी मागचं झाकण उघडलं. रिकामं. पुढचा दिवा मात्र चालू होता.

आता ती थाप. आम्ही गेलो, हीच. तळाचं फाटक आम्ही उघडलंच नाही. साहेबांनी खुर्चीत बसूनच अहवाल लिहिला, 'भेट दिली. सर्व सुरक्षित.' पाकिटात घालताना मी कागद उलटवला, तर मागे नर्सबाईंची सही आणि खाली अंगठ्यांचे ठसे. चाळीस.

"वा, पोचही मिळाली," साहेब म्हणाले, आणि पाकीट चिकटवलं.

त्यातले काही ठसे अगदी इवलेसे होते.