दोनदा वजा चौदा

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी रेवती भोयर यांच्या पोटातलं बाळ चालू लागलं. त्याला पाय नाहीत.

विद्यापीठाच्या तपासणी खोलीतल्या पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक वर गेली की दुसरी खाली. डावा, उजवा, डावा, उजवा. गर्भाच्या मेंदूतले संदेश आईच्या पोटावरून टिपणाऱ्या यंत्राची ही नोंद दुपारी दोनपर्यंत थांबली नव्हती.

रेवतींच्या माहेरी दर पिढीत एखादं मूल पायांशिवाय जन्मतं. त्यांचा थोरला भाऊ मुकुंद तसाच होता. यावर उपाय शोधण्यासाठी जीवशास्त्रज्ञ, गणिती, अभियंते आणि डॉक्टर सात वर्षं एका छताखाली काम करत होते. त्यातून तयार झाला दिशापट्टा.

आपण काय व्हायचं, हे गर्भातल्या पेशींना शेजारच्या पेशींकडून आलेल्या रासायनिक आणि विजेच्या खुणांवरून कळतं. मात्र ऐकण्याची वेळ ठरलेली असते. पायांच्या पेशी चौथ्या आठवड्यात थोडे दिवस ऐकतात, मग कायमच्या बहिऱ्या होतात. या दिवसांना संशोधक श्रवणकाळ म्हणतात. कमरेला बांधलेला दिशापट्टा तेवढ्या दिवसांत पायांची खूण बाहेरून पुरवतो. अकरा माकडिणींवर तो वापरला; दहांची पिल्लं धडधाकट जन्मली.

रेवतींच्या बाबतीत पट्टा चौदा दिवस उशिरा सुरू झाला.

डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीपासून मोजतात. जीवशास्त्रज्ञ फलनापासून मोजतात, म्हणजे दोन आठवडे कमी. जीवशास्त्रज्ञांची सोय म्हणून डॉक्टरांनी फाइलमध्ये चौदा दिवस आधीच वजा केले होते. डॉक्टर पाळीपासून मोजतात हे ठाऊक असलेल्या गणित विभागानं पट्ट्याची तारीख काढताना ते पुन्हा वजा केले, आणि गर्भ दोन आठवडे लहान ठरला.

"म्हणजे कुणी कुणाला विचारलंच नाही?" रेवतींनी विचारलं. समोर प्रकल्पप्रमुख डॉ. नलिनी वेलणकर बसल्या होत्या.

"दोघांनाही दुसऱ्याची पद्धत माहीत होती. त्यामुळे विचारायची गरज वाटली नाही."

"एखादा अडाणी ठेवायचा होता हो मॅडम. त्यानं विचारलं असतं."

वेलणकरांनी समोरची फाइल मिटली.

"मग तुमची ती खूण गेली कुठं?"

"पट्टा सुरू झाला तेव्हा पायांच्या पेशी बहिऱ्या झाल्या होत्या. मेंदूच्या पेशींचा श्रवणकाळ चालू होता. त्यांनी ऐकलं." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "पाय चालवणारा मेंदूचा भाग दुपटीनं वाढलाय. बाकी मेंदू नीट आहे. बुद्धीला काही होणार नाही."

"हे बरं का वाईट?"

"मला सांगता येत नाही."

रेवती पडद्यावरच्या रेघांकडे वळल्या.

"आमचा दादा टीव्ही दुरुस्त करायचा," त्या म्हणाल्या. "फळीला चाकं लावून गावभर फिरायचा. लोक हळहळायचे, तर हसायचा. म्हणायचा, चालणं तुम्हाला लखलाभ, मला कधी चालावंसं वाटलंच नाही. खरं असेल का ते?"

"असेल. त्यांच्या मेंदूत ती ओढ तयारच झाली नसेल."

"आणि याच्या?"

"याला वाटेल. बहुधा जागेपणी सतत."

"पट्टा बांधला नसता, तर दादासारखंच झालं असतं ना बाळ? हसरं?"

"हो."

"म्हणजे पाय द्यायचे राहिले, आणि हाव तेवढी दिली."

"रेवतीताई, मी…"

"ते बंद करता येईल का? नुसतं ते चालणं?"

"आता नाही. तो श्रवणकाळही संपला."

वेलणकरांनी टेबलावर एक कागद ठेवला. गर्भपातासाठीचा अर्ज. कायद्यानं दिलेली चोवीस आठवड्यांची मुदत सोमवारी दुपारी बाराला संपत होती.

"चोवीस आठवडे कुणाच्या हिशेबानं?" रेवतींनी विचारलं.

"पाळीपासून."

"नक्की? विचारलंत कुणाला?"

वेलणकर उठल्या, बाहेर जाऊन कायदा विभागाला फोन केला आणि परत आल्या. पाळीपासूनच.

रेवतींनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. त्या घरी गेल्या नाहीत. यंत्रही पोटावरून काढू दिलं नाही.

रविवारी संध्याकाळी सहापर्यंत अर्जावर सही झालेली नव्हती. रेघा सुरू होत्या. गुरुवारी मिनिटाला बेचाळीस पावलं पडत होती. रविवारच्या या नोंदीत ती एकावन्न आहेत.