तिसरा मायक्रोफोन

आईच्या कानातलं यंत्र लेकीच्याच कंपनीचं, त्यामुळे घरात त्याचा रुबाब मोठा. आत कुठला भाग कुठे बसवलाय याचं लेखी वर्णन त्या यंत्रातच असतं. ते वाचून एकेक भाग चालू करणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या मुळाशी चालणारा प्रोग्रॅम, लिहिणं हे लेकीचं काम. यंदा वर्णन लिहायची पद्धतच बदलली. नवी यंत्रं नव्या पद्धतीनं चालणार होती, पण आईसारख्यांची जुनी यंत्रं बंद पडता कामा नयेत.

"जुनं मोडायचं नाही हं," साहेबांनी बजावलं. "स्वतःच्या आईलाच ऐकू आलं नाही, तर घरी काय तोंड दाखवशील?"

तिनं मन लावून काम केलं. जुन्या वर्णनात मायक्रोफोन तीन लिहिले होते, आणि यंत्रात तर दोनच. आधीचा ड्रायव्हर तिसऱ्याकडे काणाडोळा करायचा. हिच्या नव्या ड्रायव्हरनं वर्णनच प्रमाण मानून तोही चालू केला. नसलेल्या मायक्रोफोनमधून काय डोंबल ऐकू येणार, म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं.

नवा ड्रायव्हर यंत्रात घातला आणि आई खूश झाली. दुपारी खिडकीशी शेंगा सोलताना हसायची, मधेच "काहीतरीच तुझं" म्हणायची. इतकी वर्षं घुमी होऊन बसलेली बाई बोलती झाली, याचं लेकीला कोण कौतुक. फोनवर बोलत असेल, असं तिनं धरलं. फोन मात्र स्वयंपाकघरात चार्जिंगला असायचा.

एका दुपारी, यंत्र आईच्या कानातच असताना, तिनं लॅपटॉपवर तिन्ही मायक्रोफोनच्या आवाजाच्या पट्ट्या उघडल्या. आई बोलली की पहिल्या दोन हलायच्या.

आई थांबली की तिसरी.

तिनं घाईघाईनं वर्णनातली तिसऱ्या मायक्रोफोनची ओळ गाळली. आईचं जेवणातलं लक्षच उडालं.

"त्याला का गं गप्प केलंस?"

"कोणाला, आई?"

"असू दे."

लेकीचा जीव तुटला. ज्याचं जे चालू आहे ते मोडायचं नाही, हेच तर तिचं काम. तिनं ओळ परत घातली. आई पुन्हा हसू लागली, आणि घर कसं सुखात होतं.

मग एका सकाळी यंत्र पुसायला म्हणून तिनं ते आईच्या कानातून काढलं, बॅटरी वेगळी केली. आता कानाशी ढोल वाजवला असता तरी आईला कळलं नसतं.

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. जरा वेळानं तिनं मान डोलावली.

"हो रे," ती समाधानानं म्हणाली. "तिलाही येईल हळूहळू ऐकू."