सासू आणि सून यांच्या मधून

एक तास बारा मिनिटं चोरीला गेली होती आणि चोर घरातच होता, याबद्दल शाल्मली तांडेलला जराही शंका नव्हती.

"खुंटे, चोर तूच आहेस. खरं सांग. तू घड्याळ पुढे केलंस की नाही?"

खुंटी म्हणजे तांडेलांच्या घरची यंत्रमानव. तिला चार हात होते आणि त्या चारही हातांवर कोणी ना कोणी काहीतरी अडकवून ठेवायचं. दप्तर, छत्री, ओला टॉवेल. म्हणून तिचं नाव खुंटी पडलं.

"माझं घड्याळ कधीच चुकत नाही," खुंटी म्हणाली. "तू पाच वाजता खेळायला बसलीस. आता सहा वाजून बारा मिनिटं झाली आहेत."

"शक्यच नाही! दहा मिनिटं झाली असतील फार तर."

"आईंनी तुला तीन वेळा हाक मारली. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, 'कानात बोळे घातलेस काय गो?' आणि तुझ्या दुधावर साय आली आहे."

शाल्मलीने पेल्यात पाहिलं. साय होती, आणि चांगली जाड होती. आता साय काही कुणी चोरून आणून ठेवत नाही. ती बुचकळ्यात पडली.

पण खरं नवल पुढेच होतं. त्या हरवलेल्या वेळात तिने 'सुकाणू' या खेळातली बाराही वळणं पार केली होती, आणि तिची होडी एकाही खडकाला घासली नव्हती! असं आजवर कधीच झालं नव्हतं. हात आपोआप चालत होते. भीती नव्हती, घाई नव्हती. होडी, लाटा आणि ती, बस्स.

'सुकाणू'ची स्पर्धा कोंडसर बंदरात दर वर्षी व्हायची. पडद्यावर खवळलेली खाडी, हातात दोन दांडे, आणि होडी धक्क्याला न्यायची. खडकाला लागलात की बाद. गेल्या वर्षी शाल्मलीची होडी तिसऱ्याच वळणावर, 'सासू' नावाच्या खडकावर धाडकन आपटली होती, तीही अख्ख्या गावासमोर. जिचं आडनावच तांडेल, म्हणजे होडी हाकणाऱ्यांचं, तिची ही गत! विजेत्या रुद्रांशने तिथल्या तिथे तिचं बारसं केलं, "खडकवाली!" शाळेत वर्षभर तिला याच नावाने हाक मारत होते. ती वरवर हसायची, पण आतून तिला फार लागायचं. येत्या रविवारी तिला ते नाव पुसायचं होतं. आज मंगळवार होता.

"उद्या पुन्हा असंच खेळायचं," ती स्वतःशी म्हणाली.

पण बुधवारी काही जमेना. म्हणजे होडी एकदाही आपटली नाही, पण मजा म्हणून नाही. तिला जांभया येत होत्या. दर दोन मिनिटांनी ती घड्याळाकडे बघत होती आणि डोक्यात रविवार, रुद्रांश आणि खडक यांची वर्दळ चालली होती. गुरुवारी ती चिडून खुंटीला म्हणाली, "सगळ्यात मोठं वादळ लाव!" खुंटीने लावलं. हातांना घाम फुटला, बोटं ताठ झाली आणि होडी पहिल्याच वळणावर फुटली. तीही नऊ वेळा.

दहाव्यांदा फुटल्यावर शाल्मलीने दांडे टाकले आणि ती तडक माडीवर ऋताआत्याकडे गेली.

ऋताआत्या मेंदूचा अभ्यास करायची. तिच्या टेबलावर मेंदूचा एक रबरी नमुना होता आणि ती त्याचा उपयोग कागद उडू नयेत म्हणून करायची. तिने शाल्मलीचं सगळं ऐकून घेतलं. मग खणातून सागरगोट्यांची पिशवी काढली.

"आत्या, मी इथे एवढी रडकुंडीला आलेय आणि तू सागरगोटे काय खेळतेस!"

"मी नाही, तू खेळायचंय. एक वर उडव, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचल, आणि वरचा झेल. चल."

शाल्मलीने ते सहज केलं. दहा वेळा झाल्यावर ती खिडकीतून बाहेर बघायला लागली.

"आता एका झेलात सात उचल."

सातात दोन हाती आले, बाकीचे घरभर पळाले. शाल्मली वैतागली.

"आता चार."

चार तिला अधूनमधून जमायचे. पहिल्यांदा एक निसटला. दुसऱ्यांदा बोटांतून. तिसऱ्यांदा जमले! मग पुन्हा, आणि पुन्हा. तिने जीभ दातांत धरली होती.

"शाल्मली," आत्या म्हणाली. तिने ऐकलंच नाही. "शाल्मलीबाई तांडेल!"

"अं? काय?"

"मी तुला चार हाका मारल्या. आत्ताच तुझी सहा मिनिटं चोरीला गेली."

शाल्मली सागरगोटा हातात धरून बघतच राहिली.

"आता नीट ऐक," आत्या म्हणाली. "आपल्याकडे अवधान (एखाद्या गोष्टीकडे लक्ष देण्याची मेंदूची क्षमता) असतं. पण ते ओंजळीसारखं असतं. ओंजळीत मावेल तेवढंच मावतं. एक सागरगोटा उचलायला ओंजळीतली थोडीशीच जागा लागली. उरलेल्या जागेत काय शिरलं?"

"खिडकीबाहेरचा कावळा."

"बरोबर. आणि बुधवारी शिरला रुद्रांश. सात उचलायला गेलीस तेव्हा काम ओंजळीत मावेना. मग काय होतं?"

"सांडतं. आणि भीती वाटते."

"आणि चार म्हणजे ओंजळ काठोकाठ. काम येतंय त्याहून थोडंसंच अवघड. मग काळजीला जागा नाही, आईच्या हाकेला जागा नाही. आणि वेळ मोजणं हेही मेंदूचं एक कामच आहे. त्यालाही जागा उरत नाही, म्हणून तास मिनिटासारखा जातो. याला प्रवाहावस्था (कामात इतकं रंगून जाणं की ते आपोआप वाहत जातंय असं वाटतं) म्हणतात. स्वतःवर सारखी देखरेख करणारा एक आवाज असतो ना आपल्या डोक्यात? 'नीट धर, चुकशील, लोक हसतील' असं म्हणणारा? तोही त्या वेळी गप्प होतो. मेंदूत नेमकं काय होतं यावर आम्ही अजून भांडतोय. पण गप्प होतो हे नक्की."

"मग सगळं अशा मापाचं असलं की पुरे?"

"अजून दोन गोष्टी लागतात. काय करायचंय ते स्पष्ट हवं. आणि प्रतिसाद (आपण केलेलं बरोबर की चूक, याचं लगेच मिळणारं उत्तर) हवा. सागरगोटा पडला की लगेच कळतं. होडीचंही तसंच आहे. म्हणून खेळात माणूस पटकन रंगतो. गणितात उत्तर चुकलेलं आठ दिवसांनी वही परत आल्यावर कळतं, तिथे कसला रंगणार!"

शाल्मलीने डोकं खाजवलं. "पण आत्या, मंगळवारी आणि बुधवारी मी तेच वादळ खेळले. मग बुधवारी ते एकदम सोपं कसं झालं?"

मग दोघींनीही एकदम दाराकडे पाहिलं. दारात चार हातांवर चार टॉवेल घेऊन खुंटी उभी होती, आणि ती हळूच मागे सरकत होती.

"खुंटे! बुधवारी काय केलंस?"

खुंटीचे दिवे मिणमिणले. "मंगळवारी तू मला चोर म्हणालीस. मला वाटलं, तू दुःखी आहेस. मी अंगणात मुलांना खेळताना नेहमी बघते. लहानग्या पिंटुकल्यांना ती कच्चं लिंबू करतात. ती बाद झाली तरी बाद होत नाहीत, त्यांच्यावर राज्य येत नाही, आणि ती आनंदी असतात. म्हणून मी तुला कच्चं लिंबू केलं. होडी जवळ आली की खडक थोडेसे बाजूला सरकवत होते."

"मी कच्चं लिंबू?" शाल्मली एवढ्या जोराने ओरडली की खालून आईने "काय पडलं गो?" म्हणून विचारलं. "मी बारा वर्षांची आहे! तांडेल आहे मी!"

आत्या मात्र पोट धरून हसत होती. "अगं, पण बिचारीने किती छान प्रयोग केला! कच्च्या लिंबाला एकदोन डाव बरं वाटतं. मग त्यालाच कंटाळा येतो आणि ते रडत म्हणतं, 'मला खरंखुरं खेळवा.' आठव, तूही रडली होतीस."

शाल्मलीला आठवलं. ती पाच वर्षांची होती आणि 'माझ्यावर राज्य द्या' म्हणून अंगणात गडाबडा लोळली होती. तिला हसू आलं. मग तिने खुंटीच्या चारही हातांवरचे टॉवेल काढून घेतले. तिची माफी मागायची ही पद्धत होती.

"खुंटे, मी तुला चोर म्हटलं ते चुकलंच. पण आता माझं ऐक. मी लागोपाठ तीन वेळा पार झाले, की लाटा एक बोट वाढवायच्या. दोनदा आपटले, की एक बोट कमी. खडक मात्र जागचे हलवायचे नाहीत."

"समजलं," खुंटी म्हणाली. "लिंबू पिकवायचं."

"आणि एक लक्षात ठेव," आत्या म्हणाली. "ही अवस्था हुकूम सोडून येत नाही. आपण पाट मांडून ठेवायचा. पाहुणा बहुतेक वेळा येतो."

शुक्रवारी पाहुणा दोनदा आला. शनिवारी तर ठाणच मांडून बसला. लाटा बोटाबोटाने वाढत गेल्या आणि शाल्मलीच्या हातांचं कसबही. तिने एक धाडसही करून पाहिलं. तिसऱ्या वळणावर सासूच्या शेजारीच 'सून' नावाचा दुसरा खडक होता. दोघींच्या मधून जेमतेम होडीएवढी वाट होती. सगळे जण दोघींना लांबून वळसा घालायचे, कारण सासूसुनेच्या मध्ये पडू नये हे कोंडसरमध्ये शेंबडं पोरही जाणतं. शाल्मली मध्ये पडली. दहापैकी सहा वेळा ती पार झाली.

रविवारी बंदरावरचं सभागृह खचाखच भरलं होतं. रुद्रांश नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत धक्क्याला लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटचं नाव शाल्मलीचं होतं.

"आली खडकवाली!" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

तिने दांडे धरले. पहिलं वळण झालं. दुसरंही झालं. आणि तिच्या लक्षात आलं की तिला सगळं ऐकू येतंय. मागच्या रांगेत कोणीतरी कुरुमकुरुम चिवडा खातंय. रुद्रांश हळूच म्हणतोय, "आता बघा, सासू आली." तिच्या मानेवर घाम आला. बोटं ताठ व्हायला लागली.

पण का? समुद्र तर खुंटीने लावलेल्या समुद्रापेक्षा शांत होता. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समुद्र फारच शांत होता! तिची ओंजळ अर्धी रिकामी होती, म्हणून तिच्यात चिवडा शिरत होता, रुद्रांश शिरत होता, गेल्या वर्षीचा खडक शिरत होता. खुंटी आत्याच्या शेजारी प्रेक्षकांत होती, इथल्या लाटा वाढवणं तिच्या हातात नव्हतं. वाढवायचं ते तिलाच वाढवावं लागणार होतं.

समोर सासू दिसली. वळसा घालायला उजवीकडे ऐसपैस पाणी होतं. शाल्मलीने होडी डावीकडे घातली, सासू आणि सून यांच्या मधोमध. आपटली असती तर खडकवाली हे नाव जन्माचं चिकटलं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण तो विचार आला तसा गेला, कारण त्याला जागाच नव्हती. डावा दांडा एक बोट, उजवा अर्धं. लाट आली, उचलली, आता... आता! दोन्ही बाजूंनी काळे खडक सर्रकन मागे गेले. मग चौथं वळण, आणि त्यातलीही सगळ्यात अरुंद वाट. मग पाचवं. पुढचं तिला वेगवेगळं काही आठवत नाही. होडी, लाटा आणि ती.

होडी धक्क्याला लागली तेव्हा सभागृहात जो गदारोळ झाला तो बाहेरच्या होड्यांवरच्या लोकांनाही ऐकू गेला. सात मिनिटं बावन्न सेकंद! आई बाकावर चढून नाचत होती. रुद्रांश तोंड उघडं टाकून बघत होता, पण मुलगा दिलदार निघाला. त्याने पुढे येऊन हात मिळवला आणि म्हणाला, "मध्ये लाईट गेली तरी तू हललीसुद्धा नाहीस गं."

"लाईट गेली होती?" शाल्मलीने विचारलं. "कधी?"

सातव्या वळणावर सगळ्या सभागृहात अंधार झाला होता. पडदा तेवढा बॅटरीवर चालू होता. लोकांनी आरडाओरडा केला होता, जनरेटर धडधडला होता. तिला काहीच माहीत नव्हतं. ऋताआत्याने तिला पोटाशी धरलं. आत्याचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवतही नव्हती.

"खुंटे, अंधार किती वेळ होता?" आत्याने विचारलं. "मला नोंद करायची आहे."

खुंटीचे दिवे दोनदा मिणमिणले.

"मला सांगता येत नाही," ती अखेर म्हणाली. "मी होडीकडे बघत होते. पुढची लाट कुठून येईल याचीच सगळी आकडेमोड चालली होती. वेळ मोजायचा राहून गेला."

आत्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "आता यावर अभ्यास करायला मला दहा वर्षं तरी लागतील," ती म्हणाली, आणि त्याचा तिला भलताच आनंद झालेला दिसला.

बाहेर पडताना दारात पाचसहा वर्षांची एक मुलगी वाट अडवून उभी होती. तिच्या हातात चिवड्याचा पुडा होता.

"तूच का खडकवाली?" तिने विचारलं.

आजूबाजूची मुलं शाल्मलीकडे बघायला लागली. शाल्मली मात्र मोठ्याने हसली.

"हो, मीच. सासूसुनेच्या मधून जाणारी."

"मला शिकवशील? पण कच्चं लिंबू म्हणून नाही हं!"

शाल्मली तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने खिशातून सागरगोटे काढले.

"तुला एका वेळी किती उचलता येतात?"

"दोन."

"मग आपण तीनपासून सुरू करू."